बदलीची बाई

॥ श्री ॥
राजेंद्रनगर, इंदूर
दि. १३ जानेवारी २०२६

चि. शुभदा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. फोनवर तू रडत होतीस की हसत होतीस ते मला कळलं नाही. डावा कान गेलेला आणि उजव्या कानातलं यंत्र फोन लावला की शिट्ट्या मारतं. म्हणून आपलं पत्रच बरं. तन्वी याचा फोटो काढून तुला पाठवील आणि तुझं उत्तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून आणील. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, आता कागदावर असल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही.

तर ऐक. तन्वीच्या लग्नाची तारीख पक्की झाली. बुधवार ११ मार्च, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे. अनीश मुलगा म्हणून सालस आहे, पीथमपूरच्या कारखान्यात इंजिनियर आहे, आणि मुख्य म्हणजे माझ्याशी बोलताना ओरडत नाही, तोंड समोर करून सावकाश बोलतो. पहिली पत्रिका रिवाजाप्रमाणे खजरानाच्या गणपतीला ठेवून आलो.

आता मुद्द्याचं. कन्यादानाला तन्वीचे काका-काकू, देवदत्तभावजी आणि वसुंधरा, बसायला तयार आहेत, उज्जैनहून तसा निरोपही आला. मी स्पष्ट सांगितलं की मुलीची आई जिवंत आहे, ती देईल. गुरुजी डोकं खाजवायला लागले, नवरा नसलेल्या बाईने एकटीने पाटावर बसायचं कसं म्हणाले. म्हटलं, माझा मुलगा करोनात गेला, त्यानंतर हे घर कोणी चालवलं ते तुम्हाला माहीत आहे. जी परक्या देशात जाऊन राबते तिला पाटावर बसता येत नसेल तर पाट बदला. शेवटी गुरुजींनी पंचांग मिटलं. तेव्हा तुला यायचंच आहे. दहा-पंधरा दिवसांची सुट्टी आत्ताच मागून ठेव.

इकडे थावरीने नवं टेन्शन दिलंय. तिला भगोरियाला गावी जायचंय म्हणे. होळीच्या आधीच्या आठवड्यात अलिराजपूरकडे त्यांचे बाजार भरतात, ढोल-नाच असतो, ते. दोन मुली तिथे तिच्या आईपाशी आहेत, नवरा गुजरातेत बांधकामावर असतो, सगळे त्याच दिवसांत घरी जमतात. मान्य आहे. पण लग्न तोंडावर आलेलं, माझी कंबर अशी, तिच्याशिवाय मला न्हाणीघरात पाय टाकता येत नाही. मी म्हटलं, बदलीची बाई आणून दे आणि खुशाल जा. ती 'हाव माजी' म्हणाली आणि भांडी घासायला गेली. नाचगाण्यासाठी आठ दिवस! आपल्याला कधी मिळाले होते?

थंडी आहे तोवर पायांत मोजे घालत जा. तब्येत सांभाळ, बाकी सगळं मागाहून.

तुझी वाट पाहणारी,
आई


लिमासोल, सायप्रस
रविवार, दि. २५ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप आईंना शुभदाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र एलेनीबाईंच्या खोलीत, त्यांना सूप भरवताना वाचलं. पाट बदला हे वाचून एकदम हसू फुटलं आणि सूप त्यांच्या गाऊनवर सांडलं. त्यांनी विचारलं काय झालं. माझ्या तुटक्या ग्रीकमध्ये सांगितलं, मुलीचं लग्न. त्यांनी माझे दोन्ही गाल ओढले. पाच मिनिटांनी परत विचारलं, काय झालं. दिवसभरात मी त्यांना अकरा वेळा तन्वीच्या लग्नाची बातमी दिली आणि अकरा वेळा त्यांना आनंद झाला. विसरण्याच्या आजाराचा एवढा एकच फायदा मी पाहिला.

आई, तुम्ही नातेवाइकांना मी इस्पितळात नर्स आहे असं सांगता ते मला कळलंय. सांगा. पण तुम्हाला खरं ठाऊक असावं म्हणून लिहिते. मी त्यांना उठवते, न्हाऊ घालते, कपडे बदलते, भरवते, फिरवते, पुन्हा कपडे बदलते. शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं फाइली लावणाऱ्या बाईला हे जमेल असं मलाही वाटलं नव्हतं. पण जमलं. त्यांना गरम पाणी लागतं, तुमच्यासारखंच, आणि पाणी ओतताना त्याही डोळे घट्ट मिटून घेतात.

आज त्यांचा मुलगा अँड्रियास आला तेव्हा सुट्टीचं विचारलं. तो वाईट माणूस नाही. त्याने मला खुर्ची दिली, कॉफी दिली, तन्वीचा फोटो पाहिला, अभिनंदन केलं. मग म्हणाला की तुझ्याशिवाय आई कोणाला अंगाला हात लावू देत नाही, एजन्सीची बाई तिला चालत नाही. तेव्हा तुझ्या ओळखीची, भरवशाची अशी एक बाई पंधरा दिवसांसाठी आणून दे आणि आनंदाने जा.

तशीच उठून येईन म्हटलं तर तेही होत नाही. इथला परवाना याच घराच्या नावावर आहे. घर सोडलं की परवाना संपला आणि परत यायची वाट बंद. मग तन्वीचं लग्न होईल, पण पुढे तुमचं औषधपाणी कशावर?

तरी आशा आहे. रविवारी आम्ही सगळ्या समुद्राकाठच्या बागेत जमतो, तिथे श्रीलंकेची कुमारी नावाची बाई माझी मैत्रीण झाली आहे. तिला विचारते. तन्वीला सांगा, आई पायघड्या घालायला येणार.

तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

तुमची,
शुभदा


॥ श्री ॥
इंदूर
दि. ४ फेब्रुवारी २०२६

चि. शुभदा हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र वाचल्यापासून माझं डोकं तापलंय. कॉफी दिली म्हणे! कॉफी पाजून नाही म्हणणाऱ्या माणसांपेक्षा ओरडून नाही म्हणणारे बरे. कुमारीचं काय झालं ते तू कळवलं नाहीस, म्हणजे फारसं आशादायक नसावं. म्हणून मी स्वतःच त्या एलेनीबाईंना लिहायचं ठरवलं. आमची दोघींची वयं सारखी, दोघी आया, बाईमाणसाचं बाईमाणसाला कळेल. सोबत पत्र जोडलं आहे. तू त्यांना ते त्यांच्या भाषेत वाचून दाखव. मुलगा असेल तेव्हा वाच. कुठेही पाणी घालू नकोस.

मल्हारगंजात जाऊन वाणसामानाची यादी देऊन आले. थावरी बरोबर होती. तिथे तिच्या गावाकडची एक बाई भेटली, दोघी कोपऱ्यात काहीतरी बोलत होत्या. बदलीची बाई काही अजून सापडलेली नाही तिला. बसली आहे तोंड पाडून.

आई

(सोबतचं पत्र)

श्रीमती एलेनीबाई यांस शशिकलाचा नमस्कार.

आपली ओळख नाही, पण माझी सून आपल्या घरी आहे, म्हणजे आपण नातेवाईकच. माझी नात या मार्चमध्ये लग्न करते आहे. तिला वडील नाहीत. तिची आई रोज सकाळी आपल्याला न्हाऊ घालते, आणि त्या एका सकाळी तिने आपल्या मुलीजवळ असावं एवढंच माझं मागणं आहे.

आपल्याला त्रास होईल हे मी जाणते. मीही दुसऱ्याच्या हाताने न्हाते. पण घरात माणूस ठेवायचं आणि त्या माणसाला घर आहे हे विसरायचं, हे आपल्या वयाला शोभत नाही. बदलीची बाई शोधणं हे घरमालकाचं काम आहे, राबणाऱ्या बाईचं नव्हे. आपल्या मुलाला हे आपण समजावून सांगावं.

आपली प्रकृती उत्तम राहो.

शशिकला


लिमासोल
रविवार, दि. ८ फेब्रुवारी २०२६

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

कुमारीचं आधी सांगते. ती तयार होती, तिची मालकीण नाही म्हणाली. तिने दुसऱ्या घरी काम केलेलं पकडलं गेलं तर तिचा परवाना जातो. ती पाच वर्षं घरी गेलेली नाही, आणि मला नाही म्हणावं लागलं म्हणून बागेतल्या बाकावर तीच रडत होती. आणखी तिघींना विचारलं. जिला सुटका मिळेल अशी एकही बाई इथे नाही. माझी सुट्टी कोणीतरी आपल्या अंगावर घ्यायची, आणि प्रत्येकीचं अंग आधीच भरलेलं.

आता तुमचं पत्र. मी ते वाचून दाखवलं नाही. तुम्ही रागवाल, तरी लिहिते, कारण तुम्हीच मला पाणी न घालता वाच म्हणून सांगितलंत.

अँड्रियास समोर होता. मी इंग्रजीत सांगायच्या आधी एकदा मराठीतच वाचू लागले, शब्द जुळवायला. घरात माणूस ठेवायचं आणि त्या माणसाला घर आहे हे विसरायचं. इथपर्यंत आले आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. थावरी ओट्याशी पाठमोरी उभी होती. पुढचं वाचता येईना. मी कागद घडी करून एप्रनच्या खिशात घातला आणि आईंनी नमस्कार सांगितला आहे एवढंच म्हणाले.

आई, अँड्रियासने मला जे सांगितलं तेच तुम्ही तेरा जानेवारीच्या पत्रात थावरीला सांगितलं होतंत. बदलीची बाई आणून दे आणि खुशाल जा. तेव्हा मी ते वाचलं आणि मला काहीच खटकलं नाही. का खटकेल? मी स्वतः वीस वर्षं सगळ्या कामवाल्यांना हेच सांगत आले. एकीच्या भावाचं लग्न होतं, धारला. बदली मिळाली नाही म्हणून ती गेली नाही. मला तिचं नावही आता आठवत नाही, फक्त त्या दिवशी पोळ्या जाड झाल्या होत्या आणि मी तिला बोलले होते, तेवढं आठवतं. आपण वाईट माणसं नव्हतो. मीही तिला चहा दिलाच होता.

मला रविवार तरी मिळतो. थावरीला कोणता वार आहे? तिच्या मुली वर्षभर आजीकडे आहेत. तन्वी तरी मोठी आहे, आणि तुम्ही आहात. ती नाचायला जात नाही हो आई, ती मुलींना बघायला जाते.

तुम्हाला उलट बोलायची माझी ही पहिली वेळ. लिहून झाल्यावर दोनदा फाडावंसं वाटलं. पण हे तुम्हाला नाही सांगितलं तर अँड्रियासला मी काय तोंडाने काही सांगू?

मी येईन असं आता धरू नका. देवदत्तभावजींना बसू द्या. माझी हरकत नाही.

रागावलात तरी मला तुटू देऊ नका.

शुभदा


॥ श्री ॥
इंदूर
दि. १६ फेब्रुवारी २०२६

चि. शुभदा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवले नाही असं लिहिणार होते, पण जेवले. थावरीनेच वाढलं.

पहिल्या दिवशी तुझा संताप आला. दुसऱ्या दिवशी तन्वीला म्हटलं, तुझी आई तिकडे जाऊन फार शिकली. तिसऱ्या दिवशी थावरी मला न्हाऊ घालत होती. मी डोळे घट्ट मिटले आहेत हे माझं मलाच समजलं. आजवर तिचा चेहरा त्या वेळी मी कधी पाहिलाच नव्हता. म्हणून डोळे उघडले. साबण डोळ्यात गेला. मी विचारलं, तुझ्या मुलींची नावं काय. चौदा महिन्यांत विचारलं नव्हतं. मोठी सुमली, धाकटी मंगली.

थावरी तेवीस तारखेला जाते आहे, पाच मार्चला परत. बदलीची बाई आणायची नाही असं मी तिला बजावून सांगितलं. तिचा विश्वास बसेना, बिचारी विचारत होती की कामावरून काढलं का.

लग्नात कोणी बसायचं ते माझं मी बघेन.

आई


इंदूर
शनिवार, २८ फेब्रुवारी २०२६

प्रिय आई,

सा. न. आजी म्हणते तुला कळवायचं नाही, म्हणून कळवते.

बुधवारी आजी बाथरूममध्ये पडली. घाबरू नकोस, डोक्याला काही नाही, उजवं मनगट फ्रॅक्चर आहे, प्लास्टर सहा आठवडे. मी ऑफिसला गेले होते. मी न्हाऊ घालून जाते म्हटलं होतं, पण तिला माझी लाज वाटते. नातीसमोर कसं, म्हणाली. जवळजवळ तासभर ती तशीच ओल्या फरशीवर बसून होती. शेजारच्या काकूंनी दुधाची पिशवी द्यायला बेल वाजवली, पण तिला ऐकूच आली नाही. मी डबा विसरले म्हणून परत आले तेव्हा कळलं.

मी लगेच थावरीबाईंना फोन लावायला घेतला. आई, आजीने डाव्या हाताने माझा मोबाइल ओढून घेतला. एवढं दुखत असताना. तिला बोलवायचं नाही म्हणाली, सुट्टी म्हणजे सुट्टी. तिला कळलं तर ती पळत येईल, आणि तिच्या पोरी पुन्हा वर्षभर वाट बघत बसतील. मी चिडून म्हटलं की मग माझ्या लग्नाचं काय, तुझं सगळं कोण करणार? तर म्हणाली, तुझ्या आईचं पत्र काढ आणि वाच. मी ते झेरॉक्सवाल्याकडून छापून आणताना वाचलंच होतं. पुन्हा वाचलं.

आता मी रोज तिला न्हाऊ घालते. पहिल्या दिवशी दोघी रडलो. तिसऱ्या दिवशी ती मला पाणी किती गरम हवं यावर लेक्चर देत होती. तू रोज काय करतेस ते आता मला थोडं थोडं कळतंय. आधी मी मैत्रिणींना आई अब्रॉड असते एवढंच सांगायची. काल अनीशच्या आईंना मी सगळं खरं सांगून टाकलं, की माझी आई एका म्हाताऱ्या बाईला सांभाळते. त्या म्हणाल्या की आमच्या सासूबाईंचं मीच केलं, सोपं नसतं.

तू येणार नाहीस याचा मला राग आहे. तुझ्यावर नाही, पण आहे.

तुझीच,
तन्वी


लिमासोल
बुधवार, दि. ११ मार्च २०२६

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

तुमचं मनगट कसं आहे? थावरीने पाहिल्यावर काय केलं? तुम्ही पडलात आणि मला वाटत राहिलं की माझ्या पत्रानेच तुम्हाला पाडलं. तन्वीला तसं म्हटलं तर तिने फोनवर सांगितलं, आजीने निरोप दिलाय की फरशीने पाडलं, उगाच मोठेपणा घेऊ नकोस.

तिकडचे अकरा चाळीस म्हणजे इथले आठ दहा. एलेनीबाईंच्या आंघोळीची वेळ. तन्वी फोन लावणार म्हणत होती, मीच नको म्हटलं. एका ओल्या हातात फोन आणि दुसऱ्या हातात त्यांना धरून मला मुलीचं लग्न बघायचं नव्हतं. काल रात्री मूठभर तांदळाला हळद-कुंकू लावून वाटीत ठेवलं होतं. ती वाटी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली आणि घड्याळ समोर.

आठ दहा झाले तेव्हा त्यांच्या डोक्यावर पाणी ओतणं चालू होतं. मी थांबले. मंगलाष्टकांची पहिली ओळ म्हटली. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, काय झालं. बाराव्यांदा सांगितलं, मुलीचं लग्न, आत्ता, या मिनिटाला. त्यांनी वाटीकडे पाहिलं. इथेही लग्नात नवरानवरीवर तांदूळ टाकतात, ते त्यांना कसं कोण जाणे आठवलं. त्यांनी ओल्या हाताने मूठ भरली आणि खिडकीबाहेर टाकली. मग मीही टाकली. बादलीत, फरशीवर, त्यांच्या केसांत, सगळीकडे अक्षता झाल्या. नंतर टॉवेलने केस पुसताना एकेक दाणा वेचून काढला.

दुपारी अँड्रियास आला. त्याला आईच्या उशीवर एक पिवळा दाणा सापडला. कशाचा म्हणून विचारलं. सांगितलं. त्याने तो दाणा खिशात ठेवला. पुढच्या वर्षी सुट्टीचं बघू, बदलीचं मी बघतो, असं म्हणाला. मी थँक्यू म्हटलं. पण आई, लग्न आजच होतं.

सगळं लिहा. काहीही गाळू नका.

शुभदा


॥ श्री ॥
इंदूर
दि. १५ मार्च २०२६

चि. शुभदा हिस अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहिते आहे. पहिलीतल्या पोराचं अक्षर झालंय, माझ्याच हाताखाली असतं तर छडी खाल्ली असती. म्हणून थोडक्यात.

लग्न चांगलं झालं. थावरी पाच तारखेच्या गाडीने ठरल्याप्रमाणे आली. माझं प्लास्टर पाहून मला इतकं बोलली की मला सगळं ऐकू आलं. मुलींसाठी घेतलेल्या साखरेच्या हारांतला एक तिने तन्वीला आणला होता. आता दर शनिवारी तिला सुट्टी असते. त्या दिवशी मी न्हात नाही. एक दिवसाने काही बिघडत नाही.

कन्यादानाच्या वेळी देवदत्तभावजी आणि वसुंधरा तयार होऊन पुढे आले. मी नाही म्हटलं. गुरुजी म्हणाले, मग मुलीच्या आईच्या जागी सुपारी ठेवू, शास्त्राला चालतं. मी म्हटलं, सुपारीही बदलीच. इथे बदली चालणार नाही. आणि तन्वी उभी राहिली आणि म्हणाली की जिने मला द्यायचं ती नाही, तर मला कोणी देऊ नका, मी माझी जाते. अनीशच्या आईंनी मान हलवली. गुरुजींनी तेवढा विधी गाळला आणि पुढचं सुरू केलं. काही लोक कुजबुजले असतील. मी यंत्र काढून ठेवलं होतं.

घरून तुझ्यासाठी नेलेला पाट मात्र मांडवात शेवटपर्यंत तसाच मांडलेला होता, पुढे रांगोळी काढलेला. तुझ्या जागी कोणी बसलं नाही.

पाट घरी आणून मधल्या खोलीत ठेवला आहे. उचलायला सांगितलेलं नाही. थावरी रोज त्याच्या कडेकडेने झाडून घेते.

जेवत जा. आणि ये, जेव्हा येशील तेव्हा.

तुझी,
आई